ऐंशी वचनं आणि नायकाचा पत्ताच नाही

परवा एका मैत्रिणीचा मेसेज आला. बायबलचा नवा करार वाचायला घेतलाय तिने, धर्मबिर्म म्हणून नाही, असंच, इतकी वर्षं नुसतं ऐकतोय तर एकदा वाचून तरी बघू म्हणून. पहिलं पान उघडलं आणि तिथेच अडकली. "अगं इथे नुसती नावंच नावं आहेत, अमक्याला तमका झाला नि तमक्याला ढमका, हे गाळून पुढे गेले तर चालेल ना?" मी लिहिलं, चालेल की. लगोलग पुढचा प्रश्न, "बरं, चारही जणांच्या सुरुवातींपैकी तुझी आवडती कुठली?" चार जण म्हणजे येशूची गोष्ट आपापल्या शुभवर्तमानात सांगणारे मत्तय, मार्क, लूक आणि योहान. आणि इथे मात्र मी टाईप केलं, पुसलं, परत केलं, परत पुसलं, आणि सांगते नंतर म्हणून फोन उलटा ठेवून दिला. साधा प्रश्न होता खरं तर. पण डोक्यातून जाईना. कारण आपल्या डोक्यात या चार सुरुवाती वेगवेगळ्या अशा नसतातच मुळी, सगळ्यांचा मिळून एकच देखावा असतो, गोठा, तारा, मेंढपाळ, उंटावरून आलेले तीन राजे, सगळे एकाच चौकटीत दाटीवाटीने. मेंढपाळ फक्त लूककडे, मागी लोक, म्हणजे पूर्वेकडचे ज्ञानी, फक्त मत्तयकडे, ते तीन होते असं मत्तय कुठेच म्हणत नाही, आणि ते येतात ते गोठ्यात नाही, घरात. मार्क आणि योहान तर जन्माबद्दल अवाक्षर काढत नाहीत. हे सगळं माहीत असूनही डोक्यातला देखावा काही हलत नाही.

हे असं एकत्र करून टाकायची हौस आजची नाही. साधारण इ.स. १७० च्या सुमाराला तातियान नावाच्या माणसाने चारही शुभवर्तमानं कापून, जोडून एकच सलग गोष्ट तयार केली. सुरुवात त्याने योहानची घेतली, आणि वंशावळ्या, मत्तयची काय नि लूकची काय, दोन्ही सरळ उडवल्या. म्हणजे माझ्या मैत्रिणीला जे पहिल्या पानावर वाटलं ते त्याला अठराशे वर्षांपूर्वीच वाटलं होतं. सीरियाकडच्या मंडळ्यांमध्ये ही एकत्र आवृत्ती चांगली शेदोनशे वर्षं वाचली जात होती, लोकांना ती आवडायची, सोपी होती. मग पाचव्या शतकात थिओडोरेट नावाच्या बिशपने तिच्या दोनशेच्या वर प्रती गोळा करून बाजूला काढल्या आणि त्या जागी परत चार वेगळी पुस्तकं ठेवली. तातियानच्याही आधी मार्कियन होऊन गेला, त्याची कात्री आणखी मोठी, त्याने फक्त लूक ठेवला आणि त्याचीही जन्माची सगळी प्रकरणं काढून टाकली, रोमच्या तिबेर्य कैसराच्या कारकिर्दीच्या पंधराव्या वर्षी येशू एकदम कफर्णहूम गावात हजर. मला या दोघांची एक गंमत वाटते. सुरुवात आवडली नाही की आपण फार तर पान उलटतो, यांनी नवीन पुस्तकच काढलं.

आणि थिओडोरेटचेही उपकारच म्हणायचे, नाहीतर आवडती कुठली हा प्रश्नच उरला नसता.

तर नावांची यादी, म्हणजे येशूच्या पूर्वजांची. ती गाळ असं मी सांगितलं खरं आणि पहिल्यांदा वाचणाऱ्याला मी तेच सांगेन, पण मी स्वतः ती गाळत नाही. ईजिप्तमध्ये ऑक्सिऱ्हिंकस म्हणून जागा आहे, तिथल्या प्राचीन उकिरड्यात १८९६-९७ च्या हिवाळ्यात ग्रेनफेल आणि हंट या दोघांनी खणायला सुरुवात केली, आणि हाती लागलेल्या पपायरसांत, म्हणजे लव्हाळ्यापासून केलेल्या जुन्या कागदांत, तिसऱ्या शतकातलं एक पान निघालं. नव्या कराराच्या पपायरसांची जी जागतिक यादी आहे तिच्यात आज त्याचा नंबर एक आहे, आणि त्यावर आहे काय तर मत्तयचा पहिला अध्याय, हीच ती अब्राहामाला इसहाक झाला, इसहाकाला याकोब झाला. इतका कंटाळवाणा मजकूर कुणीतरी हाताने, बोरूने, एकेक अक्षर उतरवून काढला होता, मग तो फेकला गेला, मग वाळूत सोळाशे वर्षं टिकला. हे कळल्यापासून त्या यादीकडे नुसती यादी म्हणून बघणं मला जमत नाही.

त्यात चार बायका आहेत, पाचवी मरीया, येशूची आई. याबद्दल आजवर खूप लिहिलं गेलंय, तामार, राहाब, रूथ, सगळ्या जरा आडवाटेने आलेल्या, कुणी सासऱ्याला फसवून, कुणी शत्रूच्या गावातून, कुणी परदेशातून विधवा होऊन. पण मी दर वेळी थबकते ती चौथीपाशी, कारण मत्तय तिचं नावच घेत नाही. बथशेबा म्हणत नाही. म्हणतो, दावीदाला उरीयाच्या बायकोपासून शलमोन झाला. ती तेव्हा दावीदाची राणी होती हो, शलमोनाच्या जन्माआधीच लग्न झालं होतं, तरी मत्तयच्या लेखी ती उरीयाचीच बायको. उरीया म्हणजे तो सैनिक ज्याला दावीदाने आघाडीवर उभं करून मारवलं, आणि तसा हुकूम लिहिलेलं पत्र सेनापतीला द्यायला पाठवलं ते खुद्द उरीयाच्याच हातून. स्वतःच्या मरणाचा कागद बिचारा सांभाळून घेऊन गेला. या माणसाचा येशूच्या रक्ताशी काहीही संबंध नाही, वंशावळीत त्याचं काही काम नाही, तरी त्याचं नाव राजाच्या नावाशेजारी कायमचं खिळून ठेवलंय. इतक्या सज्जन दिसणाऱ्या यादीत हा एक टोकदार खिळा. दुसरीकडे हाच मत्तय तीन गटांत चौदा-चौदा पिढ्या असं गणित जुळावं म्हणून योराम आणि उज्जीया यांच्या मधले चांगले तीन राजे खाऊन टाकतो, आणि एवढं करूनही शेवटच्या गटातली नवी नावं मोजली तर तेराच भरतात. राजे गाळलेले चालले, उरीया गाळला नाही. यासाठी मत्तयला माझ्याकडून पुष्कळ काही माफ आहे.

मायकेलअँजेलोने सिस्टीन चॅपेलचं छत रंगवलं, १५०८ ते १५१२, तेव्हा वरती सृष्टीची उत्पत्ती आणि आदामाचं ते जगप्रसिद्ध बोट, ते सगळ्यांना माहिती. पण खिडक्यांच्या वर अर्धगोल जागा आहेत तिथे त्याने हीच मत्तयची यादी रंगवलीय, नावांच्या पाट्यांसकट. आणि ही माणसं अजिबात भव्य नाहीत. कुणी बाळाला घेऊन बसलंय, कुणी आरशात बघतंय, कुणी पेंगतंय. कुणीतरी येणार आहे याची त्यांना कल्पनाच नाही आणि आपल्या आपल्या दिवसाने ती दमलेली आहेत. मान वर करून आदाम बघणाऱ्यांपैकी किती जणांची नजर तिथे थांबत असेल कोण जाणे. (त्यातले दोन अर्धगोल तर पुढे त्याने स्वतःच पुसले, शेवटच्या न्यायाचं चित्र काढायला भिंत हवी होती म्हणून. पूर्वजांचं हे असंच असतं.)

मार्कचं सगळं उलटं. त्याला वेळ नाही. कुणाचा कोण, कुठे जन्मला, आई कोण, काही नाही, नाझरेथहून एक मोठा झालेला माणूस चालत येतो, यार्देन नदीत बुडून वर येतो, आकाश फाटतं, आणि लगेच रानात, चाळीस दिवस. मत्तय आणि लूक ते चाळीस दिवस सविस्तर सांगतात, सैतानाचे प्रश्न, येशूची उत्तरं, दगडाच्या भाकरी, सगळी जुगलबंदी. मार्क दोन वचनांत, म्हणजे क्रमांक दिलेल्या दोन ओळींत, उरकतो. पण त्या दोन वचनांत एक गोष्ट अशी टाकतो जी बाकी कुणाकडेच नाही, की तो तिथे वनपशूंबरोबर होता. बस. ते पशू अंगावर आले का जवळ येऊन बसले, भीती होती का सोबत होती, काही नाही सांगत. मी या चार शब्दांवर जितका वेळ घालवलाय तितका येशूच्या त्या प्रसिद्ध डोंगरावरच्या प्रवचनावर घालवला नसेल.

आणि जब्दी. सरोवराच्या काठी येशू शिमोन आणि अंद्रियाला हाक मारतो, ते जाळी टाकून निघतात, थोडं पुढे गेल्यावर याकोब आणि योहान होडीत जाळी नीट करत बसलेले, त्यांनाही हाक, तेही निघतात, आपला बाप जब्दी याला नोकरांबरोबर होडीत सोडून. मत्तयही हेच सांगतो पण नोकरांचा उल्लेख करत नाही. तो फक्त मार्ककडे आहे. आता या नोकरांचं काय करायचं ते माझं नीट ठरत नाही. कधी वाटतं बरं झालं, म्हातारा एकटा नाही पडला, धंदा चालू राहील, मार्कने जाता जाता वाचकाची काळजी मिटवली. आणि कधी वाटतं हे जास्तच वाईट आहे, रोजावरच्या माणसांसमोर दोन्ही मुलं एका हाकेत उठून गेली आणि मग त्यांच्याकडे बघत बापाने परत जाळ्याला हात घालायचा. जब्दी काय म्हणाला? काही म्हणाला का? मार्क तोपर्यंत कफर्णहूमच्या सभास्थानात पोचलेला असतो. त्याच अध्यायात शिमोनच्या सासूचा ताप उतरतो, संध्याकाळी अख्खं गाव दाराशी गोळा होतं, पहाटे अंधारात हा एकटा निघून जातो, मागून लोक शोधत येतात की अहो सगळे तुम्हाला विचारताहेत, एक कुष्ठरोगी बरा होतो, त्याला सांगितलेलं असतं कुणाला बोलू नकोस, तो अर्थातच सगळ्यांना सांगतो, आणि ४५ व्या वचनाला परिस्थिती अशी की येशूला उघडपणे गावात शिरायची सोय राहिलेली नाही. पहिला अध्याय संपला. दमायला होतं, पण काय वेग आहे. माझ्या मैत्रिणीला, तिचा स्वभाव बघता, हीच सुरुवात आवडेल यात मला शंका नाही.

चारही लेखकांची जी चिन्हं चर्चमध्ये दिसतात, माणूस, सिंह, बैल, गरुड, ती जेरोम नावाच्या जुन्या धर्मपंडिताने वाटली ती पण सुरुवाती बघूनच. मत्तय वंशावळीने सुरू होतो म्हणून माणूस, मार्क रानातल्या आरोळीने म्हणून सिंह, लूक मंदिरातल्या याजकापासून म्हणून बळीचा बैल, आणि योहान एकदम आभाळातच म्हणून गरुड. त्याच्या दोनशे वर्षं आधी इरेनियस नावाच्या बिशपने मात्र मार्कला गरुड आणि योहानला सिंह दिला होता. म्हणजे पहिल्या पानावरून माणूस जोखायचा हा उद्योग जुनाच आहे आणि त्यात एकमत तेव्हाही नव्हतं.

योहानबद्दल मला जपून बोलावं लागतं कारण ज्यांना तो आवडतो त्यांना तो फारच आवडतो. आवडायलाच हवा. प्रारंभी शब्द होता, इथपासून पहिली अठरा वचनं म्हणजे सरळसरळ स्तोत्र आहे, शतकानुशतकं कॅथलिक चर्चच्या लॅटिन मिस्साच्या, म्हणजे उपासनेच्या, अगदी शेवटी त्यातलीच पहिली चौदा वाचली जायची, वाचताना पुजारी एका जागी गुडघा टेकायचा. कानाला काय सुंदर लागतं, अंधारात प्रकाश वगैरे, मोठ्याने वाचलं की आवाज आपोआप खाली उतरतो. पण खरं सांगू, मला तिथे धरायला काही सापडत नाही. चेहरा नाही, हात नाहीत, भांडंकुंडं नाही. सहाव्या वचनात बाप्तिस्मा करणारा योहान एकदम मधे घुसतो, देवाने पाठवलेला एक माणूस होता म्हणून, तेव्हा मला हायसं वाटतं, चला कुणीतरी आलं.

माझा योहान सुरू होतो तो पुढे, पस्तिसाव्या वचनाच्या आसपास. दोन माणसं येशूच्या मागे मागे चालायला लागतात, बोलायचं धाडस नाही. तो वळतो आणि विचारतो, काय शोधताय? या शुभवर्तमानात येशूच्या तोंडचं हे पहिलंच वाक्य, इतका मोठा प्रश्न, आणि या दोघांना उत्तर काय सुचतं तर, गुरुजी, तुम्ही राहता कुठे? इतकं अवघडलेलं उत्तर मी दुसऱ्या कुठल्या धर्मग्रंथात वाचलेलं नाही. कुणाशी तरी ओळख करून घ्यायचीय आणि तोंडातून भलतंच निघतं, तसं. तो म्हणतो, या, बघा. ते जातात, बघतात, तो दिवस त्याच्याकडे राहतात. आणि मग लेखक सांगतो की तेव्हा दहावा तास होता, म्हणजे आपले दुपारचे चार. का सांगतो? बोलणं काय झालं त्यातला एक शब्द नाही, घर कसं होतं ते नाही, दोघांपैकी एक अंद्रिया होता आणि दुसऱ्याचं नावसुद्धा नाही, पण वाजले किती होते ते मात्र पक्कं. जगाच्या आधीपासून सुरू झालेली गोष्ट एका अध्यायात दुपारी चारवर येऊन टेकते. त्यापुढे मग नथनेल, नाझरेथातून कधी काही चांगलं निघालंय का असं तोंड वेंगाडून विचारणारा. येशू त्याला म्हणतो मी तुला अंजिराच्या झाडाखाली पाहिलं, पण तो तिथे काय करत होता हे शेवटपर्यंत कळत नाही, आणि मला ते कळायला नकोच आहे.

आता लूक.

लूकचं दुसरं प्रकरण जगाने वाटून घेतलंय, गव्हाणी, मेंढपाळ, देवदूतांची गाणी, त्यावर मला काही बोलायचं नाही, इतक्या वेळा ऐकलंय की आता ते नुसतं ओळखीचं वाटतं. (शिवाय त्यातल्या शिरगणतीचा घोळ आहेच, सीरियाचा रोमन सुभेदार क्विरिनिउस याच्या कारकिर्दीतली जी शिरगणती माहीत आहे ती इ.स. ६ मधली आणि ज्याच्या काळात लूक ही गोष्ट बसवतो तो हेरोद राजा बहुतेकांच्या मते इ.स.पू. ४ मध्ये मेलेला, त्यावर अभ्यासकांनी ग्रंथच्या ग्रंथ लिहिलेत.) माझा जीव आहे तो पहिल्या अध्यायावर. ऐंशी वचनं, वचनांच्या संख्येने नव्या करारातला सगळ्यात मोठा अध्याय, आणि एवढ्यात येशूचा जन्मच होत नाही. मार्कने पंचेचाळीस वचनांत त्याला गावोगावी गर्दी जमवण्याइतका प्रसिद्ध करून टाकला आणि लूकने ऐंशी वचनं घालवली शेजारच्या बाळात, म्हणजे पुढे बाप्तिस्मा करणाऱ्या योहानात. सुरुवात तशी रुबाबदार, थियफिल महाराजांना उद्देशून एक लांबलचक सुसंस्कृत वाक्य, की पुष्कळांनी हे लिहायचा प्रयत्न केलाय, मीही सगळं मुळापासून तपासून क्रमवार लिहितोय. आणि मग एकदम, हेरोदाच्या काळात जखऱ्या नावाचा एक याजक होता, त्याची बायको अलीशिबा, मूलबाळ नाही, दोघंही म्हातारी. कुठे तो थियफिल आणि कुठे ही दोघं.

जखऱ्या चिठ्ठी निघाली म्हणून धूप जाळायला मंदिरात आत जातो, बाहेर लोक ताटकळत, हा येईना, काय झालं असेल. आत देवदूत भेटलाय, तुला मुलगा होईल, नाव योहान ठेव, म्हणून. येतो तेव्हा मुका. हातवारे करतोय. लोकांना वाटतं काहीतरी दर्शन झालंय. मग सेवेचे दिवस भरल्यावर घरी जातो, आणि अलीशिबेला दिवस राहतात, आणि ती पाच महिने स्वतःला लपवून ठेवते. हे पाच महिने मला सोडत नाहीत. लाज म्हणून? जपणूक म्हणून? इतकी वर्षं लोकांनी बोल लावला, आता बातमीही देणार नाही तुम्हाला, असं काही? एक म्हातारी गरोदर बाई आणि एक न बोलणारा नवरा, दार लावलेलं. तो तिला सगळं लिहून दाखवत असेल का, तिला वाचता येत होतं का. मग सहाव्या महिन्यात मरीया येते, डोंगराळ भाग पार करून, आणि त्या घरात परत आवाज होतो. मला हे फार नंतर लक्षात आलं की या घरात त्या तीन महिन्यांत बोलू शकणारी माणसं दोनच आहेत आणि दोघीही पोटुशा बायका. याजक घरात आहे पण गप्प. मोठमोठी देववाणी म्हणायची ती यांनीच. मरीयेचं गाणं तिथलं, सत्ताधाऱ्यांना सिंहासनावरून खाली ओढलं, भुकेल्यांना पोटभर दिलं, श्रीमंतांना रिकाम्या हाताने लावून दिलं, आणि सगळं भूतकाळात, जणू होऊन गेलंय, प्रत्यक्षात अजून काहीच घडलेलं नाही. काही मोजक्या जुन्या लॅटिन हस्तलिखितांत हे गाणं मरीयेऐवजी अलीशिबेच्या तोंडी आहे. बहुसंख्य प्रती मरीया म्हणतात आणि तेच बरोबर असणार, पण त्या खोलीत कोण काय म्हणालं यात कुणाचा तरी गोंधळ व्हावा हे मला अगदी पटतं.

बारशाचा प्रसंग तर निव्वळ विनोदी. आठव्या दिवशी शेजारीपाजारी आणि नातेवाईक जमलेत आणि त्यांनी परस्पर ठरवूनही टाकलंय, बापाचंच नाव ठेवायचं, जखऱ्या. आई म्हणते नाही, याचं नाव योहान. तर तिचं कोण ऐकतंय, अगं तुमच्या नात्यात कुणाचं नाही हे नाव, आणि सगळे वळतात बापाकडे, खाणाखुणा करून त्याला विचारतात. आता बोलता येत नाही त्याला, पण ऐकू येत नव्हतं असं काही लूकने सांगितलेलं नाही, मग खुणा कशाला? टीकाकार म्हणतात तो बहिराही झाला असावा. असेल. मला मात्र ते सगळे लोक डोळ्यांसमोर दिसतात, मुक्या माणसाशी मोठमोठे हातवारे करून बोलणारे. तो पाटी मागवतो आणि लिहितो, याचं नाव योहान आहे. ठेवा असं नाही, आहे.

एवढं सगळं आवडूनही या अध्यायाशी माझी दोन भांडणं आहेत. एक, जखऱ्या देवदूताला विचारतो हे कशावरून समजू, तर त्याची वाचा जाते. मरीयेलाही देवदूत येशूच्या जन्माची बातमी देतो, ती विचारते हे कसं होईल, तर तिला नीट समजावून सांगितलं जातं. त्याने शंका घेतली आणि तिने फक्त रीत विचारली, असं स्पष्टीकरण नेहमी देतात, शिवाय तो याजक, अब्राहाम-सारा यांना म्हातारपणी मूल झाल्याची गोष्ट त्याला पाठ असायला हवी होती वगैरे. पण सारा तर मनातल्या मनात हसली होती, तिला कुठे काय झालं. मला नाही पटत अजून.

दुसरं अलीशिबेचं. नाही, याचं नाव योहान ठेवायचं, हे तिचं शेवटचं वाक्य, आणि त्यातही कुणी तिचं खरं मानलेलं नाही. त्यानंतर लूक तिला विसरतोच. तिसऱ्या अध्यायात तिचा मुलगा रानात येतो तो जखऱ्याचा मुलगा म्हणून. पुढे हेरोदाच्या मुलाने, हेरोद अंतिपाने, त्याचा शिरच्छेद केला तेव्हा ती होती का, कुणी कळवलं का, एक ओळ नाही. पाच महिने तिला लपायला जागा दिली तर शेवटाला एखादी ओळ द्यायला काय हरकत होती. एवढ्यासाठी लूकचे अर्धे गुण कापते. पहिला नंबर तरीही त्याचाच, मत्तय दुसरा, तोही उरीयामुळे.